तेरेखोलची रात्र आणि पटकथेचा हिशेब

चोपड्याच्या काठावर उभे राहिले की समोर शिवोली दिसते. आता मधे पूल आहे. पूल नव्हता तेव्हा फेरीबोट होती आणि बोट पैलतीरी असली की अलीकडच्या माणसाला वाट पाहत बसण्याखेरीज इलाज नसे. पूल झाल्यापासून मोरजी-मांद्र्याकडे निघालेली परगावची मुले दुचाक्या थांबवून हटकून एकच प्रश्न विचारतात, “तो पिक्चरमधला किल्ला कुठे आला?” त्यांना शापोऱ्याचा किल्ला हवा असतो. २००१ साली ‘दिल चाहता है’ आला, त्यातले तीन मित्र त्या तटावर जाऊन बसले आणि तेव्हापासून तो किल्ला त्यांचा झाला. बार्देशात १६८३ साली घुसलेली संभाजीराजांची फौज, विजरई, सावंतवाडीकर ही सगळी मंडळी एका झटक्यात मागल्या रांगेत गेली.

मुलांचा मला राग येत नाही. त्यांना कुणी दुसरे काही दाखवलेच नाही, त्याला ती काय करणार? पण ही नदी म्हणजे एके काळी दोन राज्यांची हद्द होती. दक्षिणेचा बार्देश फिरंग्यांच्या जुन्या काबिजादीत आणि उत्तरेचे पेडणे सावंतवाडीच्या भोसल्यांकडे, अशी वाटणी १७८८ सालापर्यंत चालली. त्या वर्षी पेडणे फिरंगाणात गेले आणि हद्द चोपड्याच्या पाण्यावरून उचलून तेरेखोलच्या पाण्यावर नेऊन ठेवली गेली. सरहद्द ही चीज आमच्याकडे अशी फिरती आहे. सरहद्दीवर राहणाऱ्या माणसाला इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही. बहुधा तो घरातल्या सोयरिकींत सापडतो. सून सातार्ड्याची, लेक आरोंद्याला दिलेली, देव पेडण्याचा आणि कोर्ट पणजीचे.

असा मुलूख सिनेमावाल्यांच्या नजरेतून सुटणार नव्हताच. हेरगिरी, बंदी असलेले झेंडे, मध्यरात्री नदी ओलांडणारी माणसे, लढाऊ जहाजे, शरणागती, सारे काही इथे आहे. गोव्याच्या इतिहासावर चित्रपट निघाले, नाही असे नाही. प्रश्न एवढाच आहे की खऱ्या घटनेवरून पटकथा लिहिताना लेखक काय उचलतो आणि काय टाकतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. आमच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी ज्या ज्या जागी ‘नाट्यासाठी’ बदल केला, नेमक्या त्याच जागी खरे नाट्य होते आणि ते हातचे गेले.

पहिले उदाहरण घरचे. ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ १९६९च्या नोव्हेंबरात लागला. अमिताभ बच्चन यांचा हा पहिला चित्रपट, आणि पुष्कळांना तेवढ्यापुरताच तो ठाऊक असतो. गोव्यातली मारिया आजारी पडून रुग्णालयात असते. आपल्या जुन्या साथीदारांना ती बोलावणे पाठवते. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या ह्या माणसांनी एके काळी तिच्यासह गोव्यात शिरून पोर्तुगीज किल्ल्यांवर तिरंगा लावलेला असतो, आणि आता तीच माणसे भाषेच्या नि प्रांताच्या भांडणांत विखुरलेली असतात. अब्बास यांनी नट निवडतानाही गंमत केली. बंगाली उत्पल दत्त यांना पंजाबी केले, केरळच्या मधूंना बंगाली केले, जलाल आगा यांना मराठी शाहीर बनवले. हेतू स्पष्ट होता आणि चांगला होता. राष्ट्रीय एकात्मतेचे पारितोषिकही चित्रपटाला मिळाले.

किल्ल्यावर झेंडा लावण्याचा प्रसंग अब्बास यांना कल्पनेतून काढावा लागला नसता. तो आमच्या पेडण्यात घडलेला आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची एक तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरली आणि तिथे तिरंगा चढला. तेरेखोल हे चमत्कारिक ठिकाण आहे. किल्ला सावंतवाडीकरांनी बांधलेला, फिरंग्यांनी १७४६ साली घेतलेला आणि नदीच्या उत्तर काठावर असलेला. सारे पेडणे नदीच्या अलीकडे आणि हा एक तुकडा पलीकडे, आजच्या महाराष्ट्राला चिकटून. सत्याग्रहींनी ती रात्र किल्ल्यात काढली आणि मग त्यांना पकडण्यात आले.

आता पाहा. ही माणसे कोण होती? गोवेकर. त्या दिवशी सरहद्दीवर उत्साहाने जमलेल्या भारतीय सत्याग्रहींना भारताच्या बाजूनेच अडवले गेले. दिल्लीला आणि मुंबई सरकारला जगाला दाखवायचे होते की हा लढा गोवेकरांचा आहे, भारताची घुसखोरी नव्हे. म्हणून गोव्याबाहेरच्या माणसांना हद्द ओलांडू दिली नाही. तेव्हा तेरेखोलच्या त्या रात्रीचे चित्र असे होते : आत मूठभर माणसे, समोर फिरंग्यांची सत्ता, पाठीमागे मित्रांचा देश, आणि त्या देशानेच आपल्या लोकांसाठी दार लावून घेतलेले. राजकीय थरारपटाला याहून अधिक काय लागते? सकाळ होईपर्यंत आतली माणसे एकमेकांशी काय बोलली असतील, यावर अख्खा चित्रपट उभा राहील. त्या तुकडीच्या म्होरक्याचे नाव आल्फ्रेड आफोन्सो आहे, ही गोष्टही थोडी नाही. लिस्बन जगाला सांगत होते की गोव्याचे ख्रिस्ती आमचेच आहेत. त्या दाव्याला तेरेखोलच्या तटावरून एका ख्रिस्ती गोवेकराने दिलेले ते उत्तर होते.

अब्बास यांना एकात्मता दाखवायची होती, म्हणून त्यांनी गोव्यात सारा भारत आणला. पण गोव्याच्या वाट्याला एकटी मारिया आली, आणि तीही खाटेवर.

सारा भारत खरोखर आला तो पुढच्या वर्षी. १९५५च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यापासून जथे सुरू झाले आणि १५ ऑगस्टला निरनिराळ्या नाक्यांवरून हजारो निःशस्त्र माणसे आत शिरली. गोळीबार झाला. त्या दिवशी वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग पडले. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय हातात झेंडा घेऊन गोळ्या झेलत जखमी झाल्या. त्याच ऑगस्टात तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर गेले. पत्रादेवीचे स्मारक आज हमरस्त्यालगत आहे आणि गाड्या त्याच्यावरून सुसाट जातात.

त्यानंतर काय झाले ते कुठल्याही पटकथेत आलेले नाही, कारण त्यात कुणी पळत नाही की गोळी सुटत नाही. भारताने सत्याग्रह थांबवला आणि सरहद्द बंद केली. आगगाडी थांबली, येणेजाणे परवान्यावर आले. सत्तरीतल्या, डिचोलीतल्या, पेडण्यातल्या बायकांची माहेरे एका वर्षात परदेशात गेली. आईच्या शेवटच्या आजारात आरोंद्याला पोचायला परवाना लागला. ही सहा वर्षे ज्या घरांनी काढली त्या घरांत अजूनही त्या दिवसांचे बोलणे हळू आवाजात होते. मुक्तिलढ्याचा पडद्यावरचा काळ १९५५च्या गोळीबारावरून एका उडीत १९६१च्या रणगाड्यांवर जातो. मधली सहा वर्षे आमची होती.

दुसरे उदाहरण साहेबांचे. १९८० साली ‘द सी वुल्व्ज’ हा इंग्रजी युद्धपट आला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निवन, ट्रेव्हर हॉवर्ड अशी मातबर मंडळी गोव्यात चित्रीकरणाला आली होती. जेम्स लीझर यांच्या १९७८च्या ‘बोर्डिंग पार्टी’ या पुस्तकावरून तो बेतला होता. घटना खरी आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू झाल्यावर एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स, द्राखेनफेल्स ही जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज मुरगाव बंदरात आश्रयाला आली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून ती तिथे सुरक्षित. एहरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रावरून दोस्तांच्या जहाजांचा ठावठिकाणा जर्मन पाणबुड्यांना कळतो, असा इंग्रजांचा वहीम होता. पण तटस्थ बंदरावर लष्कर पाठवायचे कसे? म्हणून कलकत्त्याच्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ या हौशी पलटणींतले अठरा गोरे निवडले गेले. कचेऱ्यांत नि पेढ्यांवर काम करणारी, क्लबात पेला रिचवणारी, पोटे सुटलेली ही माणसे. फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून ती ९ मार्च १९४३च्या रात्री मुरगावला पोचली आणि एहरेनफेल्सवर चढली. कप्तान रोफर मारला गेला, खलाशांनी जहाज स्वतःच बुडवायला घेतले, आणि ते पाहून बाकीच्या जहाजांनीही तेच केले. पुढे पस्तीस वर्षे ही गोष्ट दाबून ठेवली गेली. त्या अठरांना पदक नाही की शाबासकी नाही.

पटकथा रेजिनाल्ड रोझ यांची होती. हे गृहस्थ म्हणजे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चे लेखक. एका बंद खोलीत बारा माणसे बसवून, कुणालाही जागचे न हलवता त्यांनी सारे नाट्य उभे केले होते. त्याच लेखकाने मुरगावात मात्र रॉजर मूरसाठी एक देखणी हेर बाई आणून बसवली. खऱ्या घटनेत नसलेल्या त्या बाईमुळे चित्रपटाचा मधला भाग चक्क जेम्स बाँडचा होऊन जातो. आणि खरे नाट्य? जर्मन खलाशी साडेतीन वर्षे मुरगावात नांगरलेल्या जहाजांवर पडून होते. घरी युद्ध, बाहेर समुद्रावर इंग्रज, किनाऱ्यावर परका गाव. त्या साडेतीन वर्षांत त्यांनी काय केले, बंदरावरच्या आमच्या माणसांनी त्यांना कसे पाहिले? रोझ यांना बंद खोलीच हवी होती, तर ती तिथे पाण्यावर तरंगत होती! चित्रपटात गोवेकर दिसतात ते सामान उचलताना आणि नाचगाण्याच्या गर्दीत. इतिहास गोव्यात घडतो आणि गोवेकर त्यात पाहुणे असतात, हा प्रकार इथून सुरू होतो.

मग खऱ्या घटनेवरून लिहायचे तरी कसे? याला एक नमुना आहे, आणि तोही वसाहतीच्याच लढ्यावरचा. ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ १९६६ साली आला आणि व्हेनिसला सिंहपदक घेऊन गेला. अल्जियर्स शहरातल्या फ्रेंचविरोधी लढ्याचा एक पुढारी सादी यासेफ १९५७ साली पकडला गेला, तुरुंगात त्याने आठवणी लिहिल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्यांवरून कच्ची पटकथा करून ती तो इटलीला घेऊन गेला. दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्वो आणि लेखक फ्रांको सोलिनास यांनी ती बाजूला ठेवली. हा निव्वळ प्रचार आहे म्हणाले. सोलिनास यांनी आपली पटकथा लिहिली, तिचा नायक एक गोरा पत्रकार, पूर्वीचा फ्रेंच छत्रीसैनिक. ती अल्जीरियनांनी नाकारली. आमच्या लढ्यात गोऱ्याचे मन कशाला, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. दोन्ही खर्डे गेल्यावर तिसरा लिहिला गेला. त्यात नायकच नाही. शहर आहे, गल्ल्या आहेत, बाँब ठेवणाऱ्या बायका आहेत, आणि त्या बाँबने मरणारी आइस्क्रीम खाणारी पोरेही आहेत. फ्रेंच कर्नल राक्षस नाही. तो हुशार आहे, म्हणूनच भयंकर आहे. सादी यासेफने स्वतःचीच भूमिका केली. सारा चित्रपट पाहून तो बातमीपटाचे तुकडे जोडून केला असावा असे वाटते, पण त्यात बातमीपटाची एक फूटही नाही.

आपल्या गोव्याचे पडद्यावरचे चित्रपट पहिल्या नाही तर दुसऱ्या खर्ड्यावर थांबलेले आहेत. एक तर प्रचार, नाही तर पाहुण्याचे मन. तिसरा खर्डा कुणी लिहायलाच बसले नाही. मोहन रानडे यांच्याइतके साहित्य कुणापाशी होते? सांगलीकडचा हा मुलगा शिक्षक म्हणून गोव्यात आला, आझाद गोमंतक दलात गेला, १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन सापडला आणि गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिला. सुटका १९६९ साली. त्याच वर्षी ‘सात हिंदुस्तानी’ प्रदर्शित झाला, हा योग पाहा! पडद्यावरचे सत्याग्रही गोव्यात होते आणि जो खरा, तो नुकता परदेशी तुरुंगातून आलेला. ज्या देशासाठी आत गेलो तो प्रदेश मुक्त होऊन सात वर्षे झाली आणि आपण आतच. रानडे यांनी आठवणी लिहिल्या, ‘सतीचे वाण’. २०१९ साली ते गेले.

मराठीत असे काही झालेच नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा चाफेकर बंधूंवरचा चित्रपट १९७९चा. संवाद विजय तेंडुलकरांचे. पैसा थोडा, भाषणे त्याहून थोडी. रँडच्या वधाइतकेच महत्त्व त्यात बक्षिसासाठी फुटलेल्या द्रविड बंधूंना आहे. आपल्यातलाच माणूस फुटतो, हे सांगण्याची त्यात हिंमत होती. गोव्याच्या पटकथेत ती अजून आलेली नाही. पोर्तुगीज पोलिसांच्या चौक्यांत आमचीच माणसे नोकरीला होती, खबरीही आमचेच होते, आणि त्यांची मुलेनातवंडे आज आपल्याच पंगतीला बसतात. म्हणून लेखणी अडते, आणि ते मी समजू शकतो.

या सगळ्यांत श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ वेगळा. १९८५चा हा चित्रपट लोटलीला मारिओ मिरांडा यांच्या घरात चित्रित झाला. मुक्तीच्या आदल्या काळातले एक भाटकाराचे ख्रिस्ती कुटुंब, घरात मृत्यू झालेला आणि मालकीणबाईला तो मान्य नाही. ती मृत नवऱ्याचा आत्मा बोलावू पाहते. नवऱ्याऐवजी कोण येते? राणे! तिच्या पूर्वजाने मारलेल्या बंडखोर राण्याचे भूत. सत्तरीच्या कुष्टोबा राण्यांचे १८६९ ते १८७१चे बंड आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बेनेगल यांनी ते योजून केले असो वा नसो, पण यात मोठे मर्म आहे. जुन्या काबिजादीतल्या दिवाणखान्यात नवी काबिजाद येऊ शकते ती भूत होऊनच. पडद्यावरच्या गोव्यात आमचे पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे यांना एवढीच जागा मिळाली आहे. घरात कोंकणी, देवळात नि वाचनात मराठी, पोलिसापुढे पोर्तुगीज अशी तीन भाषांची घरे तिथे दिसत नाहीत, कारण सिनेमाला एका पात्राला एकच भाषा पुरते.

डिसेंबर १९६१च्या लढाईवरही कुणीतरी नीट लिहायला हवे, आणि ते शत्रूच्या बाजूने लिहावे असे माझे मत आहे. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा हे मूळचे लष्करी अभियंते. हाताशी तीन-साडेतीन हजार गोरे सैनिक आणि जुनी शस्त्रे. १४ डिसेंबरला सालाझारची तार आली : शरणागती नाही, आमचे सैनिक एक तर विजयी होतील, नाही तर मरतील. हे लिहिणारा लिस्बनला खुर्चीत बसलेला. पोर्तुगालात एक गोष्ट सांगतात, ती आपल्याकडच्या माणसाला अधिक कळेल. गोव्याने रणगाडाविरोधी हातबाँब मागवले, आणि ते उघड मागायचे नाहीत म्हणून त्यांचे सांकेतिक नाव ठेवले होते ‘शोरीस’. लिस्बनच्या कारकुनाने विमानाने खरेच शोरीस पाठवले! गोव्याला शोरीस पाठवणे म्हणजे मालवणला सुके बांगडे पाठवण्यासारखे. हा प्रसंग कुणी पटकथेत घातला तर निर्माता म्हणेल, काढा हो, कोण विश्वास ठेवील.

१८ तारखेला पहाटे फौज आत शिरली. ब्रिगेडियर सगतसिंग यांची छत्रीधारी पलटण उत्तरेकडून येऊन संध्याकाळी मांडवीच्या काठी बेतीला पोचली. समुद्रात आफोन्सो द आल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका एकटीच झुंजली आणि शेवटी किनाऱ्याला लागली. १९ तारखेच्या रात्री मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात वासालो ई सिल्वा शरण आले. दोन्ही बाजू मिळून पन्नासेक माणसे गेली. हुकूम पाळला असता तर पणजी बेचिराख झाली असती. घरी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४च्या क्रांतीनंतर सन्मान परत मिळाला आणि १९८० साली हा माणूस पुन्हा गोव्याला आला. लोकांनी त्याचे स्वागत केले. पराभूत सेनापतीला जिंकलेल्या लोकांनी हार घातल्याचे दृश्य जगातल्या किती युद्धपटांच्या शेवटी आहे?

माझ्या मनात आणखी एक पटकथा आहे, आणि तिची सुरुवात आंबोलीच्या रानात होते. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी तिथून एक चोरटे नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे ते चालवीत. पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात हलवले. पावसाळा, जळवा, साप, आणि रोज ठरल्या वेळी पोर्तुगीजमधून नि कोंकणीतून गोव्याला बातम्या. त्या बंद सरहद्दीच्या सहा वर्षांत इकडे घराघरांत दारे लावून, आवाज बारीक करून त्या ऐकल्या जात. बोलणाऱ्यांना ऐकणारे दिसत नव्हते आणि ऐकणाऱ्यांना बोलणाऱ्यांची नावे ठाऊक नव्हती. वामन सरदेसाई १९९४ साली गेले. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर. हे लिहायला कुठलाही बदल करावा लागत नाही. हेर बाई लागत नाही, गाणे लागत नाही. शेवटही तयार आहे. शरणागती झाल्यावर ह्या दोघांना भोंगा बसवलेल्या विमानात बसवले गेले आणि सहा वर्षे जो आवाज रानात लपून होता तो गोव्यावरून दोन तास फिरत राहिला, एकदा पोर्तुगीजमधून, एकदा कोंकणीतून, गोवा स्वतंत्र झाला म्हणून सांगत.